निळ्या स्कर्टवरचे पाच ठिपके

सभागृहात बसायला जागा उरली नव्हती, म्हणून लोक खिडक्यांच्या कठड्यांवर चढले होते. दारात चपलांचा ढीग, त्यावर पुन्हा माणसं. मी मागच्या खांबाला चिकटून उभी होते. गर्दीत गेले की मी आधी बाहेर पडायचं दार शोधते, मग लेकीचा हात, आणि मग समोर काय चाललंय ते बघते. लेकीचा हात मात्र त्या संध्याकाळी माझ्याकडे नव्हता. ती सासूबाईंबरोबर पहिल्या रांगेत होती, शाळेच्या निळ्या स्कर्टमध्ये, मान उंच करून बसलेली.

टेबलावर काचेची बरणी होती. त्यात आमच्या नदीचं पाणी. जांभळट काळं, शाई सांडल्यासारखं. बरणीमागे नितळमहाराज उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. त्यांच्या मागचे चार शिष्यही पांढरे. चहूबाजूंनी उदबत्त्या इतक्या लावल्या होत्या की पुढच्या रांगेतले म्हातारे खोकत होते.

"बाळांनो," महाराज म्हणाले, "नदी कधी मैली होते का? आई कधी मैली होते का? मैली होते ती नजर. तुम्ही बावीस वर्षं पोती घेऊन काठावर वाकलात. कंबर मोडली. नदी निवळली?"

"नाही," लोक म्हणाले.

"का नाही? कारण तुम्ही कचरा उचललात. संशय उचलला नाहीत."

त्यांनी चांदीची झारी उचलली. बरणीत तीन धारा सोडल्या. पांढऱ्या लाकडी दांड्याने एकदा ढवळलं आणि डोळे मिटले. पाणी जांभळ्याचं तांबूस झालं, तांबुसाचं पिवळट झालं आणि मिनिटाभरात बरणीपलीकडची महाराजांची बोटं मोजता यायला लागली. मग टाळ्या पडल्या, त्या थांबेचनात. टाळ्यांनी माणूस बहकतो. महाराजही बहकले असावेत, कारण त्यांनी तीच झारी पहिल्या रांगेतल्या मुलांवर शिंपडली.

खरं सांगते, मलाही बरं वाटलं. शिष्य मागच्या दारापर्यंत झारी मिरवत आले तेव्हा उदबत्तीच्या आडून एक ओळखीचा वास आला आणि उगाचच आपल्या घरात आल्यासारखं वाटलं. दुधावरच्या सायीवरही संशय घेणारी बाई मी. आणि मला तिथे बरं वाटलं. हे आधीच कबूल करून टाकते.

मग घोषणा झाली. रविवारी नदीचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी सगळं गाव हातमोजे आणि पोती घेऊन काठावर उतरतं. दुपारी प्रत्येक गल्ली आपल्या घाटाचं पाणी बरणीत भरते, बरणीला गल्लीचं निशाण बांधते, आणि सगळ्या बरण्या एका लांब टेबलावर ओळीने ठेवतात. जिची बरणी सर्वांत नितळ, त्या गल्लीचा मान. शेवटी सगळे गुडघाभर पाण्यात उभे राहून नदीला नमस्कार करतात. बावीस वर्षांची रीत.

"यंदा पोती नकोत," महाराज म्हणाले. "हातमोजे नकोत. वरच्या कारखान्याविरुद्ध तुम्ही तो अर्ज लिहिलाय म्हणे, तोही नको. दुसऱ्याकडे बोट दाखवताना तीन बोटं आपल्याकडे असतात. बरण्या आणा. मी साऱ्या निवळवतो. आणि प्रत्येक गल्लीतलं सर्वांत लहान शाळकरी मूल त्यातला पहिला घोट घेईल. त्या मुलाला आयुष्यात पोटाचा आजार शिवणार नाही."

आमच्या गल्लीतलं सर्वांत लहान शाळकरी मूल म्हणजे माझी लेक. सासूबाईंनी पहिल्या रांगेतून मागे वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते त्यांचे.

मागच्या वर्षी ही पोर अकरा दिवस हॉस्पिटलात होती. नळाच्याच पाण्याने. अकरा दिवस सलाईनचा थेंब न् थेंब मोजला मी. तेव्हापासून मी पाणी वीस मिनिटं उकळते, मग गाळते, मग झाकते, मग झाकण उघडून पुन्हा बघते. गल्लीत मला उकळीवहिनी म्हणतात. म्हणू देत. पण त्या अकरा दिवसांत सासूबाईंनीही हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रात्री काढल्या होत्या. त्यांना नातीसाठी काहीतरी हवं होतं. माझ्याकडे पातेलं होतं, त्यांना महाराज मिळाले.

घरी येताना लेक म्हणाली, "आई, डोळा चुरचुरतोय."

"उदबत्तीचा धूर गं," सासूबाई म्हणाल्या.

मी तरी तीनदा डोळा धुतला.

*

शुक्रवारी सकाळी स्कर्ट धुवायला घेतला तर पुढच्या बाजूला पाच ठिपके. पांढरट, कडेला किंचित पिवळसर. साबण लावला, घासलं, लिंबू चोळलं. जाईनात. उलट ओले झाल्यावर जास्तच उठून दिसायला लागले. वाळत घातला आणि दिवसभर येता-जाता बघत राहिले. दर वेळी पाचच.

दुपारी नवरा पहिली पाळी संपवून आला. तो वरच्या रंगाईच्या कारखान्यात मशीनवर आहे. कपड्याची थानं रंगवतो. नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग असतो, त्यावरून आज कारखान्यात काय चाललंय ते मला कळतं. त्याने शर्ट काढून माझ्याकडे दिला. मी सवयीने वास घेतला, आणि तशीच उभी राहिले.

एका हातात त्याचा शर्ट. दुसऱ्या हातात लेकीचा स्कर्ट.

सभागृहात आलेला तो घरचा वास हाच होता.

"हे बघ जरा," मी म्हटलं.

त्याने स्कर्ट उजेडात धरला. ठिपक्यावर अंगठा फिरवला. उलटा करून आतली बाजू पाहिली.

"हा डाग नाहीये. रंग उतरलाय."

"कशाने?"

"भूक लागलीये मला."

"कशाने, ते विचारलं."

"ब्लीचने. तुला माहितीये की. विचारतेस कशाला?"

"आपल्या घरात ब्लीच नाही. काल महाराजांनी झारी शिंपडली हिच्यावर."

तो स्कर्टची नीट घडी घालत बसला. त्याला घड्या घालता येत नाहीत, मुळीच येत नाहीत.

"तू सभागृहात का नाही आलास रे?"

"पाळी होती."

"संध्याकाळी नव्हती."

मग तो बोलला, पण माझ्याकडे न बघता. "आमच्याकडे एखादं थान चुकीचं रंगलं ना, की टाकून देत नाहीत. ब्लीचच्या पाण्यात घालून रंग उतरवतात. गडद जांभळं थान दहा मिनिटांत पांढरं. नदीत जातं ते आमचंच रंगाचं पाणी. त्यात ब्लीच पडलं तर काय होईल, हे काय सांगायचं? मंगळवारी दोन कॅन मीच गाडीत चढवले. साहेब म्हणाले, सभागृह धुवायला पाहिजेत. न्यायला आलेली माणसं पांढऱ्या कपड्यांतली. पांढऱ्या कपड्यांवर उडालं तरी दिसत नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"वाटलं होतं. माहीत नव्हतं."

"रविवारी तुझी मुलगी ते पिणार आहे."

"पाजू नकोस. ताप आलाय म्हण."

"आईंनी नवीन वाटी घासून ठेवलीये. आणि बाकीच्या गल्ल्यांची पोरं? त्यांनाही तापच आलाय म्हणू?"

"नोकरी आहे माझी तिथे," तो म्हणाला. "साहेबांनी मांडव दिलाय महाराजांना. मी तोंड उघडलं तर सोमवारी गेटवरूनच परत पाठवतील."

हेही खोटं नव्हतं. त्याने दुसरा शर्ट अंगात चढवला आणि न जेवता बाहेर निघून गेला. मी पाणी उकळत ठेवलं. दुसरं काय करायचं ते सुचेना.

*

शनिवारी सकाळी स्कर्ट पिशवीत घालून मी बरणीसरांकडे गेले. सर म्हणजे शाळेतले निवृत्त विज्ञान शिक्षक. बरण्यांची रीत त्यांनीच सुरू केली, म्हणून सगळे त्यांना बरणीसर म्हणतात. त्यांच्या खोलीत एका फळीवर बावीस बरण्या, प्रत्येकीवर वर्षाची चिठ्ठी. पहिल्या मातकट, मग हळूहळू जांभळ्या होत गेलेल्या.

सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"पहिली दहा वर्षं या पाण्यात फक्त गाळ असायचा," ते म्हणाले. "गाळ डोळ्यांना दिसतो. तेव्हा बरणी बरोबर होती. मग वर कारखाना आला, आणि मी बरणी तशीच चालू ठेवली. लोकांना आवडायची. मलाही मान मिळायचा. आरपार दिसलं म्हणजे पाणी चांगलं, हे या गावाला मी शिकवलंय. तो माणूस माझाच धडा वापरतोय."

"सर, ते नंतर बोलू. उद्या काय करायचं?"

"मी बोलतो ना. रंगाचे रेणू कसे मोडतात हे व्यवस्थित…"

"लोक थांबणार नाहीत रेणू मोडेपर्यंत."

ते ओशाळून हसले. "मग कारखान्याच्या वरच्या अंगाचं पाणी आणतो. नुसतं गढूळ. ब्लीचने रंग जातो, माती जात नाही. निवळव म्हणावं."

मी पिशवीतून स्कर्ट काढला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. शाळा सुरू होताना स्कर्ट लांब होता. सासूबाईंनी खालचं चार बोटं कापड कापलं आणि त्या तुकड्याचं आमच्या गल्लीचं निशाण शिवलं. निशाण आणि स्कर्ट एकाच थानातले.

*

रविवारी सकाळपासून माझं लक्ष कशात लागत नव्हतं. लेकीला तोच स्कर्ट घातला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आजच्या दिवशी तरी चांगला घाल." मी म्हटलं, दुसरा वाळला नाही. त्यांच्याशी खोटं बोलताना माझे कान तापतात. नवरा पहाटेच पाळीला गेला होता, एक शब्दही न बोलता.

काठावर मांडव होता. लांब टेबल, बरण्यांची ओळ, एकाही हातात पोतं नाही. पाण्याच्या कडेला प्लास्टिक तसंच तरंगत होतं आणि कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. नदीच्या दिवसाच्या समितीचे अध्यक्षकाका, म्हणजे आमचे किराणावाले, माइक धरून महाराजांना घाम पुसायला रुमाल देत होते.

पहिली बरणी आमच्या गल्लीची. झारी, तीन धारा, दांडा, मिटलेले डोळे. पाणी निवळलं. शिष्याने वाटी भरून सासूबाईंच्या हातात दिली. लेक पुढे झाली, तोंड उघडून, पाखराच्या पिल्लासारखी.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. पाय लटपटत होते.

"महाराज, पहिला घोट तुम्ही घ्या."

"माझा उपवास आहे, बेटी."

"पाण्याने कसला मोडतोय उपवास?" मागून कुणीतरी म्हणालं. थोडे हसले.

"शंका हीच खरी घाण," महाराज माइकमध्ये म्हणाले. "एका शंकेने हजार बरण्या नासतात."

"उकळीवहिनी, आता महाराजांनाही उकळणार का?" आणखी एक जण. या वेळी बरेच हसले.

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "चारचौघांत काय हे, सूनबाई. बाजूला हो."

"होते आई. फक्त एक करा. बरणीचं निशाण तुम्ही शिवलंय. पोरीच्या आधी त्या निशाणाला झारीतलं पाणी लागू दे. चांगलं पाणी आहे, कापडाला काय होणार? मग मी कधीच मध्ये येणार नाही."

"निशाणाला तहान नसते," महाराज घाईने म्हणाले.

"नसू दे," सासूबाई म्हणाल्या. "हिची एकदाची खात्री होऊ दे. घरात रोज वीस मिनिटं गॅस जाळते ही."

त्यांनी वाटी खाली ठेवली, बरणीचं निशाण सोडलं आणि महाराजांपुढे दोन्ही हातांवर धरलं. इतक्या श्रद्धेने धरलं की नाही म्हणायला जागाच उरली नाही. महाराजांनी झारी जेमतेम तिरकी केली. दोन थेंब पडले. सासूबाईंनी खालून झारीला बोट लावून ती आणखी कलती केली. "असं चोरून काय टाकता, महाराज. नीट टाका."

धार पडली. आम्ही वाट पाहिली. आणि मग निळ्या कापडावर एक फिकट गोल उमटला. तो पिवळसर झाला, पांढरट झाला, पसरत गेला.

सासूबाईंनी निशाणाकडे पाहिलं. मग नातीच्या स्कर्टकडे. एक, दोन, पाच ठिपके. निशाण नाकाशी नेलं आणि झटकन मागे घेतलं. तो वास त्यांनीही चार वर्षं मुलाच्या शर्टावर घेतला होता.

"कापडातलं पाप धुतलं गेलं," महाराज म्हणाले.

"मी शिवलंय ते," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या हाताने शिवलंय. त्यात पाप कुठून येईल?"

कुणी हसलं नाही.

तेवढ्यात सर काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी टेबलावर एक मातकट बरणी ठेवली. "ही पण आपल्याच नदीची. कारखान्याच्या वरची. निवळवा."

महाराजांनी झारी ओतली, दांडा फिरवला, डोळे मिटले. उघडले. बरणी मातकटच. पुन्हा ओतली. शेवटी म्हणाले, "ही नदी रुसली आहे."

"रुसलेली नाही, नुसती गढूळ आहे," सर म्हणाले. "तुमचं औषध रंगावर चालतं, मातीवर नाही." मग ते लोकांकडे वळले. "झारीत ब्लीच आहे. पाण्यातला रंग फक्त दिसेनासा होतो. त्यातले क्षार, बाकीची रसायनं, सगळं आतच राहतं, वर ब्लीचची भर. आरपार दिसतं म्हणजे चांगलं, हे तुम्हाला मी शिकवलं. मी चुकलो. हे पोराला पाजू नका."

"पुरावा काय?" अध्यक्षकाका म्हणाले. "झारीत ब्लीच आहे, हे कशावरून?"

"माझ्यावरून."

गर्दी बाजूला झाली. नवरा होता, कारखान्याच्या कपड्यांत, हातात रिकामा पांढरा कॅन. तो एरवी चार माणसांत बोलत नाही. माइकही त्याने घेतला नाही.

"मांडवामागे यांची गाडी उभी आहे. त्यात असे दोन आहेत, हा त्यातलाच एक. मंगळवारी मीच चढवले. हा कारखान्याचा शिक्का. आमच्याकडे यानेच थानाचा रंग उतरवतात. मला शुक्रवारपासून बोलायचं होतं." तो थांबला. "बोललो नाही. आता बोलतोय."

एका शिष्याने तेवढ्यात झारी उपरण्याखाली घातली. दोन मिनिटांत उपरण्याला भोक पडलं नाही, पण लोक मात्र ते पडायची वाट बघत बसले. महाराज म्हणाले, त्यांची ध्यानाची वेळ झाली. जाताना चपला उलट्या पायांत घातल्या होत्या. गाडी सुटली तेव्हा उदबत्त्या अजून जळत होत्या.

सगळ्यांना पटलं असं नाही. काही म्हणाले, शंकेमुळे सिद्धी गेली. एक काकू अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. पण सासूबाईंनी वाटीतलं पाणी उचललं आणि सवयीने नदीत ओतायला निघाल्या, तेव्हा सर ओरडले, "तिथे नको." त्या थबकल्या, वाटीकडे बघितलं, नदीकडे बघितलं. "खरंच की," म्हणाल्या. "जे पोरीला नको ते हिला तरी कशाला." वाटी त्यांनी वेगळ्या डब्यात रिकामी केली. मग अध्यक्षकाकांना विचारलं, "पोती कुठे ठेवलीत?"

पोती दुकानाच्या माळ्यावर होती. तासाभरात आली. दुपारी उशिरापर्यंत आम्ही प्लास्टिक ओढत होतो. गुंडाळून ठेवलेला अर्ज पुन्हा निघाला, आणि त्यावर पहिली सही नवऱ्याने केली. सोमवारी त्याला खरंच गेटवरून परत पाठवलं. तो सध्या दुसरीकडे काम शोधतोय, आणि मला रात्री झोप येत नाही, हेही इथे लिहायला हवं. खरं बोलल्यावर सगळं छान होतं असं मी सांगणार नाही. पोरीच्या पोटात ते गेलं नाही, एवढं मात्र झालं.

यंदापासून टेबलावर नितळ बरणीला मान नाही. बरणीवर चिठ्ठी लावायची: पाणी कुठून घेतलं, त्याच्या वर कुणाचं गटार येतं, आणि तपासणीत काय निघालं. वाचायला कंटाळवाणं आहे. लोक वाचतात.

नदीला हात जोडा, जरूर जोडा. मीही गुडघाभर पाण्यात उभी राहून जोडले. पण जोडून झाले की हात सोडा आणि पोतं उचला. कुणी डोळ्यांदेखत पाणी निवळवून दाखवलं, तर टाळीच्या आधी दोन प्रश्न विचारा: यात काय टाकलंत, आणि आधी तुम्ही प्याल का. विचारताना पाय लटपटतील. लटपटू द्या, पण विचारा. आणि ज्या गोष्टीने उगाच घरच्यासारखं वाटतं, ती जास्त नीट बघा.

सासूबाईंनी ठिपक्यांवर निळी फुलं शिवून देते म्हटलं. लेक नको म्हणाली. तो स्कर्ट तसाच घालून ती शाळेत जाते, आणि कुणी विचारलं तर पाचही ठिपक्यांवर बोट ठेवून सांगते, "हे माझ्या पोटात जाणार होतं."